मीनलकाकूंचं ‘कोमे’

...आणि वर मलाच विचारतात, शलाका, तुला एवढा राग कसला येतो गं? आता राग नाही येणार? एका माणसाने दुसऱ्या माणसाला ‘खिडकी उघड’ म्हणायचं, दोन शब्द, फक्त दोन, आणि ते म्हणवून घ्यायला मी बदलापूरला, सोनिवलीच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये घसा फोडते आहे, आणि शेवटी काय होतं तर खिडकी उघडते, पण सांगत कोणीच नाही. कोणीच नाही हो. आपोआप उघडते. मी स्पेनमध्ये राहून आले, तिथे खिडक्या अशा आपोआप उघडत नाहीत. तिथे माणूस माणसाला म्हणतो, उघड. दुसरा उघडतो, नाहीतर म्हणतो तुझे हात मोडलेत का. संपला विषय. सरळ सांगायला काय जातं?

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल ही कुळगावची पोरगी परदेशात जाऊन बिघडली. आमच्या आळीत म्हणतातच. सरळ नाही म्हणत. आईला विचारतात, ‘शलाकाला इकडचं हवामान मानवतंय ना?’

तर तुम्हाला सांगते, मी गेले ग्रानादाला, स्पॅनिश शिकायला आणि स्पॅनिश शिकवायचं कसं तेही शिकायला. राहायला होते पिलारबाईंकडे. साठी उलटलेली विधवा बाई, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज आपल्या गणपतीच्या लाउडस्पीकरएवढा. मी दारात उभी, तर ‘पासा!’ म्हणजे आत ये. टेबलाशी बसले, तर ‘कोमे!’ म्हणजे खा. ‘बेबे!’ पी. जरा गप्प बसले तर ‘आब्ला!’, बोल की. पहिले काही दिवस मी उशीत तोंड खुपसून रडले. वाटलं, ही बाई आपल्यावर जाम चिडलेली आहे. मग हळूहळू लक्षात आलं, अरे, ही चिडत नाहीये, ही माया करतेय. हिच्या मायेला ‘जरा’ नाही, ‘तेवढं’ नाही, ‘जमलं तर’ नाही, ‘नाही म्हणजे घाई नाहीये’ नाही. क्रियापद उचललं आणि वाढलं पानात, गरम गरम.

आणि तिथे, त्या टेबलापाशी, मला साक्षात्कार झाला. हसू नका. मला कळलं की आपल्या लोकांचं सगळं अडलंय कुठे, तर आज्ञार्थात.

नाही पटत? आपापल्या घरात कान देऊन ऐका. ‘दार वाजतंय’ म्हणजे काय? ऊठ आणि उघड. ‘कुकरच्या किती झाल्या?’ म्हणजे गॅस बंद कर. ‘दूध संपत आलं वाटतं’ म्हणजे चपला घाल आणि घेऊन ये. ‘तुला थंडी वाजत नाही का?’ म्हणजे मला वाजतेय, पंखा बंद कर. आणि ‘राहू दे, मी करते’... अरे बापरे, ‘राहू दे, मी करते’ म्हणजे तर असेल तिथून धावत ये, नाहीतर आठ दिवस अबोला. सगळं घर चालतं, स्वयंपाक होतो, लग्नं लागतात, पोरं मोठी होतात, आणि कोणीही कोणाला काहीही सांगितलेलं नसतं. सरळ सांगायला काय जातं?

मी पिलारबाईंच्या टेबलावर मूठ आपटून ठरवलं की मी परत जाणार. मैत्रिणी म्हणाल्या, पुण्यात वर्ग काढ, दादरला काढ, तिथे लोक येतात असल्या भाषा शिकायला. मी म्हटलं का? बदलापूरच्या माणसाला जीभ नाही? अंबरनाथच्या माणसाला जग बघायचं नाही? मी काढणार तर इथेच काढणार.

पहिला वर्ग काढला उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, परसराम अंकलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. खाली बॅगा, वर स्पॅनिश. अंकलनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘बेटा, सच बता, कोई आएगा?’ बघा, कसं सरळ. मला तर माणूस तिथेच आवडला. सात-आठ पोरं-पोरी आलीसुद्धा, छान चाललं होतं, आणि एक दिवस अंकल जिना चढून वर आले आणि म्हणाले, ‘बेटा, खाली कर. सीज़न आ रहा है, माल रखना है.’ तुम्हाला काय सांगू, इतकं सुंदर आज्ञार्थी वाक्य मी भारतात परतल्यापासून ऐकलं नव्हतं. खाली कर. कर्ता नाही, आडपडदा नाही, कुणाच्या भावना नाहीत. मी त्यांच्याशी हात मिळवला आणि फळा काखेत मारून घरी आले. आई म्हणाली, ‘खोली गेली आणि हसतेस काय?’ मी म्हटलं, आई, तुला नाही कळायचं.

मग मिळाला सोनिवलीच्या सोसायटीचा हॉल. आता तिथले सेक्रेटरी महेशदादा. माणूस देव आहे. पण नोटिसा वाचा त्यांच्या. ‘चपला बाहेर काढाव्यात.’ ‘लिफ्टमध्ये थुंकू नये.’ ‘सभासदांनी नोंद घ्यावी.’ कोणी काढाव्यात? कोणी थुंकू नये? कोणाला उद्देशून काही नाहीच. माझा वर्ग सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि महेशदादा दारात येऊन उभे. म्हणाले, ‘चाललंय का छान? नाही, चालू दे चालू दे. काही सभासदांचं म्हणणं होतं की हॉलचा वापर सोसायटीच्या कार्यक्रमांसाठी झाला तर बरं.’

‘कोणते सभासद?’

‘आहेत काही.’

‘दादा, तुम्हाला वर्ग नकोय का? मग सांगा, जा म्हणून. मी आत्ता जाते.’

‘छे छे, जा कसं म्हणेन मी? असं कसं म्हणेन? मी आपलं कानावर घातलं.’

‘मग मी नाही जात.’

आणि मी नाही गेले. अजून नाही गेले. ते दर पंधरवड्याला येतात, कानावर घालतात, मी म्हणते सरळ सांगा, ते म्हणतात छे छे, आणि परत जातात. ज्यांना जा म्हणता येत नाही त्यांच्या हॉलमध्ये मी जन्मभर राहीन.

बरं, आता मुख्य गोष्ट. त्या हॉलमध्ये माझ्याकडे आले श्रीपादकाका आणि मीनलकाकू, त्याच सोसायटीतले. काका अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर होते, आता रिटायर्ड. मुलगा उन्मेष व्हॅलेन्सियाला, तिथल्याच मार्ताशी लग्न केलं, आणि त्यांचा हा एवढासा मुलगा, लेओ. काकूंचा नातू. काकूंनी त्याला जन्मल्यापासून फक्त फोनच्या काचेत बघितलेला. आणि त्या पोराला स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नाही. काकू फोनवर म्हणायच्या, ‘बाळा, जेवलास का?’ आणि तो बाळ कॅमेऱ्याला पाठ करून जायचा. एकदा तर त्याने आईला विचारलं म्हणे, ही बाई रोज का येते?

ही बाई. काकूंना ते उन्मेषने हसत हसत सांगितलं. त्याला वाटलं गंमत आहे.

आता ते तिघं येणार होते, पहिल्यांदाच. काकू माझ्या समोर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘मला पुस्तकं नकोत गं, परीक्षा नको. मला त्याला जवळ बोलावता आलं पाहिजे आणि माझ्या हातचा एक घास त्याने खाल्ला पाहिजे. एवढ्यापुरतं शिकव.’

सांगते तुम्हाला, मी आतून पेटले. कारण लहान पोराशी तुम्ही काय बोलता? ये, खा, पी, बघ, पळ, चढ, उतर. सगळे आज्ञार्थ! आणि सगळी साधी सरळ क्रियापदं, नियमात चालणारी. मी फळ्यावर लिहिलं, ‘कोमेर’ म्हणजे खाणं. शेवटचा र काढून टाका. ‘कोमे’, खा. ‘बेबेर’ म्हणजे पिणं, र काढा, ‘बेबे’, पी. ‘मिरार’, बघणं, ‘मिरा’, बघ. आपलं तरी वेगळं काय आहे? बोलणेमधला णे काढला की बोल. फक्त ‘आब्रिर’, उघडणं, असल्या ‘इर’वाल्यांत र काढल्यावर इ-चा ए करायचा, ‘आब्रे’, उघड. ‘सुबिर’, चढणं, ‘सूबे’, चढ. झालं. याहून सोपं जगात काही नाही.

काकूंनी लिहून घेतलं, मान वर केली आणि म्हणाल्या, ‘आणि ये?’

मी म्हटलं, काकू, ‘ये’ जरा अनियमित आहे. तो पुढच्या महिन्यात.

‘अगं पुढच्या महिन्यात तो येऊन गेलेला असेल. मला ये-च तर म्हणायचंय.’

आता मला सांगा, व्याकरणाच्या पुस्तकात यावर काही उत्तर आहे का? मी पिलारबाईंना आठवलं आणि म्हटलं, ‘पासा’ म्हणा. पासार, र काढला, पासा. आत ये. हे पाठ करून त्या गेल्या, आणि मला वाटलं जिंकलो.

कसलं जिंकलो. जोड्या लावून सराव घ्यायची वेळ आली ना, तिथे पाणी मुरत होतं. मी म्हटलं, काकू, काकांना सांगा, खिडकी उघड. आब्रे ला वेंताना. काकू माझ्याकडे बघतात, फळ्याकडे बघतात, काकांकडे मात्र नाही. म्हणाल्या, ‘त्यांना आब्रे कसं म्हणू? अरे-तुरे झालं ना ते.’ मी म्हटलं बरं, अहो-जाहोचं रूप देते. आ-चा ए करा, ए-चा आ करा. मिरा-चं मिरे, कोमे-चं कोमा, आब्रे-चं आब्रा. म्हणा, आब्रा. काकूंनी पदर सारखा केला. छताकडे बघितलं. आणि म्हणाल्या, मराठीतच, ‘काय उकडतंय नाही या हॉलमध्ये.’

काका उठले आणि खिडकी उघडून आले.

‘उघडली बघ,’ काकू मला म्हणाल्या. आणि वर काकांना नाही, मलाच हं, ‘झालं ना तुझं?’

सरळ सांगायला काय जातं?

मग मी काकांकडे वळले. म्हटलं, काका, तुम्ही कारखान्यात एवढी माणसं हाताळलीत, तुम्ही तर हुकूम सोडायचात. तुम्ही द्या आज्ञा. काका म्हणाले, ‘हुकूम? छे. मी फक्त म्हणायचो, हे संध्याकाळपर्यंत होईल ना.’

‘आणि व्हायचं?’

‘न होऊन काय करेल?’

मी हट्टाला पेटले. घरी सराव करा म्हटलं. काकूंनी केला हो, मनापासून केला. सकाळी गेले तर काकू स्वयंपाकघरात दुधाला ‘सूबे, सूबे’ म्हणतायत, चढ, चढ, आणि ते वर आलं की गॅस बारीक करून ‘बाखा!’, उतर. तुळशीला पाणी घालताना ‘बेबे’. कुकरला ‘आब्ला’. उच्चार काय सुंदर, पिलारबाई ऐकतील तर मिठी मारतील. मी म्हटलं, काकू, हेच माणसांना म्हणा. तर म्हणतात, ‘माणसांना कसं म्हणायचं गं? दूध काय, ते कुठे कुणाचं ऐकतं. माणसं ऐकतात, म्हणून जपून बोलावं लागतं.’

आता यावर मी काय डोकं फोडू? म्हटलं, काकू, हे जे जपून बोलणं आहे ना, हीच आपली गुलामगिरी आहे. ज्या बाईला स्वतःच्या घरात साधं क्रियापद वापरता येत नाही ती बाई कसली स्वतंत्र? काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तुझं तोंड सुकलंय, कोकम सरबत केलंय मघाशी.’ आणि मी जाऊन फ्रिज उघडला. स्वतःच. ग्लास विसळून पुन्हा जागेवरसुद्धा ठेवला. त्यानंतर माझ्या लक्षात आलं काय झालं ते.

आली एकदाची ती मंडळी. मी मुद्दाम गेले होते, आपली विद्यार्थिनी, आपली परीक्षा. दारात उन्मेष, मागे मार्ता, आणि मार्ताच्या गुडघ्यांना चिकटलेला लेओ, डोळे केवढे, केस विस्कटलेले. काकू हातात भाकरतुकडा घेऊन उभ्या. मी मागून कुजबुजते, पासा म्हणा, काकू, पासा. काकूंच्या ओठांपर्यंत आलं, दिसलं मला. आणि त्या चपलांच्या रॅककडे बघून म्हणाल्या, ‘कोण आलंय बरं आमच्याकडे?’

रॅक काही बोललं नाही. लेओही नाही.

नंतर मला म्हणतात, ‘पहिल्यांदा दारात आलेल्याला आज्ञा कशी करायची गं?’

आणि पोरगा जेवेना. प्रवासाने कावलेला, तोंडात फक्त बिस्किटं. मार्ता म्हणायची, ‘लेओ, कोमे.’ लेओ म्हणायचा, ‘नो.’ ती म्हणायची, ‘बेबे.’ तो, ‘नो किएरो.’ नको. कसं सरळ, आई सरळ, मुलगा सरळ, आणि पोट रिकामं. काकू आपल्या भिंतीला टेकून बघतायत. मी म्हटलं, काकू, आता तुमची पाळी, असं मिळमिळीत नको, आज्ञा म्हणजे आज्ञा. काकूंनी धीर केला. वाटीत मऊ वरणभात, वर तूप, त्याच्यासमोर खाली बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, ‘कोमे.’

लेओ म्हणाला, ‘नो.’

मी म्हटलं, जोरात, काकू. पुन्हा.

‘कोमे.’

‘नो.’ आणि वाटी ढकलली. फार नाही, इतकीशी.

काकू उठल्या. पदराने हात पुसले, हाताला काही लागलेलं नव्हतं तरी पुसले, आणि आत गेल्या. मी मागोमाग. तर ओट्याला टेकून उभ्या. म्हणाल्या, ‘शलाका, या घरात आल्यापासून मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही गं.’

मी म्हटलं, ‘कारण तुम्ही आजवर कोणाला काही सांगितलेलंच नाही, काकू.’

‘तेच म्हणते मी,’ काकू म्हणाल्या. ‘सांगितलं नाही, म्हणून कोणी नाही म्हणालं नाही.’

  सरळ सांगायला काय जातं, काय जातं म्हणत मी गावभर हिंडते, आणि इथे ओट्यापाशी दिसलं काय जातं ते. पण म्हणून मी माघार घेतली असं समजू नका. मी म्हटलं, काकू, त्याने नाही म्हटलं ना, म्हणू दे. दुपारी पुन्हा सांगा. त्याचं नाही संपेपर्यंत सांगा. मी आहे इथे. काकू ‘बरं’ म्हणाल्या. आता काकूंचं ‘बरं’ म्हणजे काय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी पानं घेतली. काकांचं पान, उन्मेषचं, मार्ताचं. लेओ सोफ्याच्या मागे. उन्मेष म्हणाला, ‘आई, राहू दे, मी त्याला ब्रेड देतो.’ काकूंनी ऐकलंच नाही. त्यांनी काकांच्या पानात भात वाढला, वरण वाढलं, तूप सोडलं, कंबरेवर हात ठेवला आणि काकांकडे बघून, स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘कोमे.’

तुम्हाला सांगते, पंखा फिरायचा थांबला असं वाटलं मला. ज्या माणसाला या बाईने कधी नावाने हाक मारली नाही, ‘अहो’ म्हणायचं तेसुद्धा त्याच्या दिशेने न म्हणता दाराच्या दिशेने म्हटलं, त्या माणसाला सगळ्यांसमोर, सुनेसमोर, खा. अरे-तुरे. काकांनी हळूच माझ्याकडे बघितलं आणि कुजबुजले, ‘शलाका, इथे कोमा पाहिजे ना?’

मी म्हटलं, ‘काका, गप्प बसा आणि खा.’

काका खाऊ लागले. काकू म्हणाल्या, ‘बेबे.’ काकांनी ताकाचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. ‘मिरा.’ काकांनी वर बघितलं. ‘आब्रे ला बोका.’ तोंड उघड. आता काकांचे कान बघण्यासारखे झाले होते, पण त्यांनी तोंड उघडलं हो, अंबरनाथच्या अख्ख्या प्लँटला ज्यांनी कधी दात दाखवला नाही त्या माणसाने तोंड उघडलं, आणि काकूंनी घास केला आणि भरवला. उन्मेषने फोन खाली ठेवला. मार्ता तोंडावर हात घेऊन हसत होती.

आणि सोफ्याच्या मागून एक डोकं वर आलं.

त्या पोराच्या दृष्टीने बघा ना. एवढा मोठा टकलू आजोबा, त्यालाही कोणी खा म्हणतं, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. असलं दृश्य त्याने जन्मात बघितलेलं नव्हतं. आला हळूहळू, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभा राहिला. काकू त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. काकांनाच, ‘कोमे, कोमे.’ आणि मग लेओ काकांच्या अंगावर ओरडला, ‘कोमे, आबुएलो!’ खा, आजोबा. आजोबा म्हणाला. पहिल्यांदा.

आणि काका, हे काका कारखान्यात उगाच नव्हते, मान फिरवून म्हणाले, ‘नो.’

झालं. लेओ खवळला. चढला काकांच्या मांडीवर, हात घातला भातात, आणि काकांच्या तोंडात भात कोंबायला लागला, आब्रे ला बोका, आब्रे ला बोका, आणि दुसऱ्याला आ कर म्हणताना आपलाही आ होतोच की नाही? तेवढ्यात काकूंनी, दुसरीकडेच बघत, जणू हात चुकून तिकडे गेला, त्याच्या तोंडात एक घास ठेवला. त्याने गिळला. पुन्हा काकांच्या मागे लागला. पुन्हा आ. पुन्हा घास. वाटी संपली. काकू पाठमोऱ्या झाल्या आणि बराच वेळ वरणाच्या पातेल्यात डाव फिरवत बसल्या.

मी तर नाचायच्या बेतात. विजय! माझ्या विद्यार्थिनीने नवऱ्याला चारचौघांत सरळ आज्ञा दिली. आत जाऊन काकूंना मिठी मारली, म्हटलं, काकू, तुम्ही काकांना तू म्हणालात. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की जणू मीच लेओ.

‘त्यांना कुठे म्हणाले? मी लेओला म्हणत होते.’

‘पण बघत काकांकडे होतात.’

‘मग? लेकी बोले सुने लागे, एवढंही नाही का शिकवलं तुला स्पेनमध्ये?’

आणि काका बाहेरून म्हणतात, ‘मला पहिल्या घासालाच कळलं होतं.’ कळलं होतं! मग कोमा की कोमे ते कशाला विचारत होतात? सगळ्यांना सगळं कळलेलं, फक्त मास्तरीण तेवढी अडाणी. तरी मी सांगते, नियम माझाच होता. र मी काढायला शिकवला. ‘कोमे’ नसतं तर तो घास गेला असता का त्या पोराच्या पोटात? मग? सरळ सांगायला... असो.

नंतर लेओ काकूंचा पदर सोडेना. दिवसभर त्यांच्या मागे. काकू त्याला काही म्हणजे काही सांगायच्या नाहीत, तुळशीला सांगायच्या, दुधाला सांगायच्या, काकांना सांगायच्या, आणि तो आपला सगळं करायचा. जाताना रडला. काकू नाही रडल्या. त्या म्हणाल्या, कणिक मळायची राहिलीये.

गेली ती मंडळी. वर्ग सुरू आहे माझा. हॉल सोडलेला नाही, सोडणारही नाही. आणि परवा मार्ताचा मेसेज आला, बोललेला, चांगला लांबलचक. म्हणते, शलाका, तू शिक्षिका आहेस, मला सरळ सांग, लेओला काय झालंय? तो परत आल्यापासून पाणी दे म्हणत नाही. फ्रिजसमोर उभा राहतो आणि फ्रिजला म्हणतो, कुणाला तरी तहान लागलीये वाटतं. बुटाची नाडी सुटली तर मला सांगत नाही, मांजराला सांगतो, हल्ली नाड्या फार सुटतात. शाळेतून बोलावणं आलं, म्हणाले मुलगा हुशार आहे पण त्याला नक्की काय हवंय ते वर्गाला ओळखत बसावं लागतं. मी त्याला म्हणते, ‘आब्ला’, बोल. तर तो खिडकीबाहेर बघतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मार्ता म्हणते, मी उठते आणि करते गं. मला कळतच नाही मी कधी उठले. हे कशामुळे होतं? आणि हे जातं का? सरळ सांग.

मी बसले उत्तर लिहायला. मी, जिने जाहीर केलंय की आपल्या लोकांचं सगळं अडलंय ते आज्ञार्थात. लिहिलं, मार्ता, हे जात नाही. खोडलं. लिहिलं, माझी काही चूक नाही, काकूंना विचार. तेही खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिकडे ती ‘टायपिंग, टायपिंग’ बघत बसलेली. मग मी एक मोठा श्वास घेतला आणि लिहिलं, ‘ते चालायचंच गं. बाकी काय विशेष?’